उलट्या पिळाचं घोंगडं

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. चौथीच्या वर्षी मेंढरं माझ्या वाट्याला आली आणि पाटी जी राहिली ती राहिलीच. त्यामुळे चुका निघतील. खुशाल काढा. पण अक्षराला हसायचं नाही. हे सगळं मी उजव्या हातानं लिहिलंय, आणि मधले काही महिने हा हात माझा नव्हता.

सांगलीच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत. वयानं माझ्या लेकीपेक्षा लहान, पण हुकूम फौजदाराचा. त्या म्हणाल्या, "आजोबा, रोज चार ओळी लिहा. काय वाटेल ते लिहा, हाताला वळण लागेल." मी म्हटलं, काय वाटेल ते कशाला, जे झालं तेच लिहितो. कारण त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर दर खेपेला एक नवा माणूस बसलेला दिसतो. निकामी हात मांडीवर आणि त्यावर टॉवेल, कुणाला दिसू नये म्हणून. मीबी असाच टॉवेल टाकून बसायचो. त्या टॉवेलवाल्या गड्यासाठी हे लिहिलंय.

टकळी पडली

आमचं गाव वडूजपासून आत, माळावर. पूर्वी दोनशे मेंढरं होती, आता आठ राहिलीत, तीही माझ्या हट्टापायी. लोकर आमच्या घरात अजून कातली जाते. टकळी म्हणजे बोटानं गरकन फिरवायची लाकडी काडी, खाली चकती. ती मी चालता चालता, बोलता बोलता फिरवायचो. हात काय करतोय हे बघायची मला कधी गरज पडली नाही.

माझी लेक रेखा हिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे आमच्याकडं माहेरी. आमच्या घरात एक रीत आहे. लेकीच्या पहिल्या मुलाला बारशाला पाळण्यात घालायच्या आधी घोंगड्यावर ठेवतात. चौघांनी चार कोपरे धरून ते अंथरायचं. त्याचं सूत दुपदरी, म्हणजे दोन धागे एकत्र पिळलेलं लागतं आणि ते आज्यानं कातलेलं लागतं. एरवी सूत गडी-बायका सगळेच कातायचे, हे एवढं एक आज्याचंच.

बातमी कळली त्या दिवशी सगळे जमले होते. माझी थोरली बहीण आक्काही आली होती. मी सगळ्यांदेखत बोललो, "सूत सगळं माझं. एक धागा जरी दुसऱ्याचा लागला तर घोंगडं नेऊन विहिरीत टाकीन."

आक्का म्हणाली, "बघू हां, बिरू."

अर्ध्याच्या वर सूत झालं होतं. एका सकाळी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो होतो, तर टकळी हातातून पडली. उचलली, परत पडली. मी टकळीला शिवी घातली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा चकती सैल झाली असणार म्हणून ती ठोकायला घेतली, तर हातोडी पडली. तरी मला वाटेना की दोष हाताचा आहे. मुकाट जाऊन अंथरुणावर पडलो, कुणाला काही बोललो नाही.

दुपारी बायडा, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन आली. चहा एका बाजूनं सगळा सदऱ्यावर सांडला.

"आवं, तुमचं त्वांड वाकडं झालंय!"

"तुझंच झालंय," मी म्हटलं. पण शब्द लादीवरून घसरावेत तसे तोंडातून निघाले.

टॉवेलवाल्या गड्या, माझी चूक एवढीच ऐक आणि दुसऱ्याला सांग. हातातून वस्तू पडली तर वस्तूला शिव्या देत बसू नये. गाडी काढावी आणि दवाखाना गाठावा. मी अख्खी सकाळ टकळीशी भांडण्यात घालवली, आणि डॉक्टर म्हणाले, तीच सकाळ खरी मोलाची होती.

हात उचला

मुलगा दत्ता सांगलीजवळ माधवनगरला असतो, कापडाच्या कारखान्यात कामाला. त्यानंच सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डोक्याचे फोटो झाले. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, लकवा आहे. मग म्हणाले, "उजवा हात उचला बघू."

मी उचलला.

"उचला, आजोबा."

"उचललाय की."

दत्तानं मान खाली घातली. मी बघितलं तर हात चादरीवर होता तिथंच होता, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. त्या क्षणाची भीती मला लिहिता येत नाही. दुखत असतं तर बरं झालं असतं. दुखत नव्हतंच. माझं शरीर माझ्याशी खोटं बोलत होतं.

डॉक्टरांना मी एकच विचारलं, "टकळी कवा फिरवायची?"

ते म्हणाले, "व्यायाम करा. येईल, नाही असं नाही. पण किती येईल आणि कधी, हे मी आज सांगणार नाही."

माणूस खरं बोलला. तेव्हा राग आला, आता मान देतो. मी मनात महिने मोजले. रेखाला पाचवा लागला होता.

चमचा

दवाखान्यात दिवस फिनेलच्या वासानं उजाडतो. मग सलाइनची नळी, मग गोळ्या, मग चादर बदलणारा मामा. तो मला कूस बदलताना म्हणायचा, "चला पैलवान, डाव टाका." मला त्याचं बरं वाटायचं. बाकी सगळे हळू आवाजात बोलायचे.

बायडा मला चमच्यानं भरवायला लागली. मी तोंड मिटलं. दोन दिवस डाव्या हातानं जेवढं पोटात गेलं तेवढंच, बाकी सगळं गादीवर. दुसऱ्या दिवशी तिनं वाटी आपटली.

"चाळीस वर्सं ह्या हातची भाकरी खाल्ली तवा मान गेला न्हाई. आता चमच्यानं जातुय व्हय?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा फिदीफिदी हसला. त्याला बोलता येत नव्हतं, हसता मात्र चांगलं येत होतं. मग मीबी हसलो. हसताना तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं चमचा आत घातला.

माझ्या हाताचा पुठ्ठा

घरी सोडलं ते माधवनगरला, दत्ताकडं, व्यायामाला जवळ म्हणून. दोन खोल्या. दत्ता, सूनबाई वैशाली, सात वर्षांची नात स्वरा, चार वर्षांचा नातू शिवम, आणि आम्ही दोघं. पाय घासत, काठी धरत चालता येत होतं. हात मात्र तसाच.

व्यायामाच्या बाईंनी एक मऊ चेंडू दिला. दाबा म्हणाल्या. दोन दिवस दाबला, चेंडूला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. शिवमनं तो आणून दिला. परत फेकला, परत आणला. त्याला वाटलं खेळच आहे. तो एवढा खूश झाला की मला रागवताही येईना.

वैशालीला फार ताण पडायचा. सकाळी डबे, पोरांची शाळा, आणि खोलीत मी रुसून बसलेला. एकदा स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "मामंजी व्यायाम करंनात, मी किती बोलू?" बोलत बरोबर होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं. टॉवेल हातावर ओढून घेतला.

त्याच आठवड्यात स्वराला शाळेतून लोकरीचे गोंडे करून आणायला सांगितले. बाजारची लोकर आणली, लाल, पिवळी, पोपटी. मी बघितली आणि म्हटलं, "ह्याला लोकर म्हणत्यात? हे कुठल्या मेंढराच्या अंगावरचं? पोपटाच्या?"

शिवम म्हणाला, "दुकानातल्या मेंढराचं."

गोंडा करायला लोकर कशावर तरी गुंडाळावी लागते. पुठ्ठा वाकत होता. वैशालीनं आपली बोटं दिली, पण तिला दर मिनिटाला गॅसकडं उठावं लागे. स्वरा वैतागली. मग ती माझ्याजवळ आली, टॉवेल काढून बाजूला टाकला आणि माझा हात उचलून उशीवर ठेवला. चार बोटं सरळ केली.

"आबा, तुमचा हात हलत न्हाई ना?"

वैशाली दारात उभी राहिली.

"न्हाई," मी म्हटलं.

"मग लय बरं झालं. आई लय हलवती."

आणि तिनं लाल लोकर माझ्या बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

महिनाभर सगळे त्या हाताकडं बघून सुस्कारे टाकत होते. ह्या पोरीला तो घरातला सगळ्यात कामाचा हात वाटला. त्या दिवशी अकरा गोंडे झाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन पोरी आपापली लोकर घेऊन आल्या. माझ्या हातासाठी पाळ्या लागल्या. शिवम दारात उभा राहून आत कुणी यायचं ते ठरवायचा. गोंडे पडद्याला लागले, सायकलला लागले, दत्ताच्या डब्याच्या पिशवीला लागले.

असं पंधरा दिवस चाललं. एका रविवारी स्वरा हिरवी लोकर गुंडाळत होती. जरा करकचून गुंडाळली असावी. अचानक ती ओरडली,

"आबा, हलू नका म्हटलं ना! सगळं सुटलं!"

"मी कुठं हललो?"

"आंगठा हलवला की!"

बायडाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. वैशाली धावत आली. दत्ता तोंडात ब्रश घेऊन आला. "आबा, परत हलवा." मी बघत राहिलो. अंगठा आत आला, एवढासा, गव्हाच्या दाण्याएवढा. पण आला. मी सांगितलं आणि त्यानं ऐकलं.

बायडा रडायला लागली. दत्तानं ब्रशसकट मला मिठी मारली. स्वरा तेवढी रागावून बसली होती, कारण तिचा गोंडा वाया गेला होता.

उलटा पीळ

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चेंडू राहू दे. तुम्हाला काय करायचंय सांगा."

"सूत कातायचंय."

"मग तेच करा. उजव्यानं लोकर धरा, डाव्यानं टकळी फिरवा."

बायडानं गावाकडून टकळी आणि लोकरीचं पोतं आणलं. उजव्या हाताच्या चिमटीत लोकर धरायची, एवढंच त्याला काम. निम्म्या वेळा सुटायची. डावा हात जन्मात कधी टकळी फिरवलेला नव्हता, त्यामुळे सूत कुठं करंगळीएवढं जाड, कुठं कोळ्याच्या जाळ्यासारखं. पोरं लोकरीतली कुसळं वेचून ती बोटांनी मोकळी करायची. घरभर लोकर उडायची. एकदा वैशालीच्या आमटीत निघाली. ती म्हणाली, "मामंजी, आता घरात मेंढरू तेवढं आणायचं ऱ्हायलं." शिवमनं ते खरंच धरलं आणि आठवडाभर मेंढरू कधी येणार विचारत राहिला.

सूत हळूहळू सुधारलं. मला माज चढला. दोन महिन्यांत पुरे करतो म्हणालो.

मग दुपदरी करायचा दिवस आला. आजारपणाच्या आधीचा एक गुंडा घेतला, नवा एक घेतला, दोघांना एकत्र पीळ द्यायला लागलो. तर एक धागा आवळत चाललाय आणि दुसरा उकलत चाललाय. हाताएवढं झालं की जुना धागा कापसासारखा सुटून तुटायचा. परत जोडला, परत तुटला.

मी लोकरीला दोष दिला. मग माधवनगरच्या दमट हवेला. मग शिवमच्या हातांना, की हा खाऊ खाऊन लोकर धरतो. शिवम रडायच्या बेतात आला.

बायडानं दोन्ही धागे हातात घेतले, खिडकीशी नेले आणि बघितले.

"आवं, डाव्या हातानं टकळी उलटी फिरतीया. ह्याचा पीळ उलटा हाय."

जन्म लोकरीत गेला माझा. पोरालासुद्धा कळावी अशी गोष्ट, आणि मला कळली नाही. कारण हात काय करतोय हे मी कधी बघितलंच नव्हतं. टकळीच्या पहिल्या सकाळीही तेच केलं होतं आणि आताही तेच. दोष दुसऱ्याचा.

शिवमला जवळ घेतलं. "तुझी चूक न्हाई गड्या. माझीच हाय."

"मग मेंढरू आणा," तो म्हणाला.

आता पंचाईत अशी की जुनं सूत पुरत नाही, नवंही पुरत नाही आणि दोन्ही एकत्र येत नाहीत. मी हातपाय गाळले. स्वरा शेजारी बसून कागदाच्या पट्ट्या विणत होती, एक लाल, एक पांढरी.

"आबा, मग येगळं येगळं ठेवा ना. मधी जुनं, कडंला नवं."

जुन्याला जुन्याचा जोड, नव्याला नव्याचा. एवढं सोपं. गावात मागावर विणणारा महादू आहे, त्याला किती सूत झालंय ते सांगून फोनवर विचारलं. तो म्हणाला, "इणतो की. पर आजून एक काठ ऱ्हायला, बिरू. तेवढं सूत दे लवकर."

तेवढं सूत कातायला मला महिना लागणार होता. आणि रेखा, माझ्या आजारपणामुळं सासरीच राहिलेली, पंधरा दिवस आधीच मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप. बातमी ऐकून मी नाचायचाच बाकी होतो, आणि लगेच दिवस मोजायला लागलो. बारसं बारा दिवसांवर.

दोन दिवस मी जेवण सोडून कातत बसलो. चिमूटच धरेना. बाई म्हणाल्या होत्या, जास्त ताण दिलात तर आलेलं जाईल. मला सगळ्यांदेखत बोललेलं आठवत होतं. विहीर दिसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी टकळी बायडापुढं ठेवली.

"बायडे, तू कात."

"खरंच सांगताय?"

"पोरांनाबी बशीव."

चमचा तोंडात घेण्यापेक्षा हे अवघड होतं. पण एकदा बोललो आणि छातीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं. बायडानं टकळी फिरवली, स्वरानं फिरवली, शिवमनं फिरवली. म्हणजे तोच टकळीभोवती फिरला. मी उजव्या हातानं लोकर पुरवत राहिलो. घरात जत्रा होती नुसती.

चार कोपरे

बारसं गावी. पाव्हण्यांनी ओसरी भरून गेली. घोंगडं महादूकडून त्याच सकाळी आलं, धाग्यांना लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास अजून होता. मधे काळंभोर, कडेला जाडंभरडं, एक काठ तर सगळ्यात वेडावाकडा. स्वरा ते घेऊन आत जाऊन काहीतरी शिवत बसली होती. बाहेर आणलं तर चारी कोपऱ्यांना चार गोंडे. बाजारच्या लोकरीचे. लाल, पिवळा, पोपटी, आणि एक हिरवा, बाकीच्यांच्या दुप्पट मोठा.

आक्काला आता नीट दिसत नाही. तिनं घोंगड्यावरून हात फिरवला. तिच्या बोटांना माझं सूत माझ्या आवाजासारखं ओळखू येतं.

"हे तुझं," मधल्या भागावर ती म्हणाली. मग कडेला थांबली. अंगठ्यानं धागा चोळला. "हे कुणाचं? ह्याचा पीळ उलटा हाय."

माझा उजवा हात धोतरावर होता. त्यावर टाकायला टॉवेल खांद्यावर होताच. मी तो तिथंच राहू दिला आणि हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा.

"तेबी माझंच, आक्का. हा हात गेला हुता. तवा डाव्यानं कातलं."

"आन हा काठ?"

"तो बायडाचा. आन पोरांचा."

आक्कानं मान हलवली. "मंजी विहिरीत टाकायचं घोंगडं ते हेच व्हय, बिरू?"

ओसरीवर हशा उठला. दत्ता तर खांबाला धरून हसत होता.

"टाकलं असतं," मी म्हटलं. "पर औंदा विहिरीला पाणी न्हाई."

आक्का हसली तशी तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

मग अंथरायची वेळ आली. मी, बायडा, मामा म्हणून दत्ता, आणि चौथ्या कोपऱ्याला स्वरा. मी डावा हात पुढं केला. स्वरानं तो ढकलला. मोठा हिरवा गोंडा माझ्या उजव्या हातात दिला आणि त्याभोवती माझी बोटं एकेक करून मिटली.

"तुमचा मुद्दाम मोठा केलाय," ती कानात म्हणाली. "सुटू न्हाई म्हणून."

सुटला नाही. घोंगडं अंथरलं, रेखानं बाळ वर ठेवलं. ती पोरगी खळीच्या वासानं दोनदा शिंकली आणि झोपली.

आता हात बराच आलाय. सदऱ्याची बटणं लागतात, भाकरी मोडते, टकळी उजव्यानं थोडी थोडी फिरते. गड्या, सगळं आलं असं मी तुला सांगणार नाही. थंडीत बोटं आखडतात आणि ही चार पानं लिहायला मला तीन आठवडे लागले.

मागच्या रविवारी स्वरा लोकर घेऊन आली, हात उशीवर ठेवला आणि गुंडाळायला लागली. दोन वेढे झाले, तिसऱ्याला लोकर घसरली. परत केली, परत घसरली. शेवटी तिनं सगळी गोळा केली आणि उठली.

"कुठं चाललीस?"

"पुठ्ठा आणाय. तुमचा हात आता कामाचा न्हाई ऱ्हायला, आबा. लय हलतोय."